न फुटलेला पाणतीर

आमच्या वाडीत समुद्र पाहिलेली माणसे थोडी होती, पण पाणतीर हा शब्द म्हाताऱ्यांनाही ठाऊक होता. तो आमच्या घरातून पसरला होता. माझा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धाच्या काळात एका मालवाहू बोटीवर खलाशी होता आणि ती बोट विलायतेच्या किनाऱ्याजवळ विमानातून सोडलेल्या पाणतीराने बुडाली. इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला टॉर्पेडो म्हणत. सरकारी कागद आला त्यात भावाच्या पुढे बेपत्ता असे लिहिले होते. मेला असे कुणी लिहिले नव्हते.

त्या एका शब्दाच्या आधाराने आमचे घर पुढची पुष्कळ वर्षे चालले. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. वर नाचणी-वरी, खाली ओढ्याकडेला भाताची चार दळी, म्हणजे लहान खाचरे. आई युद्ध संपता संपता आलेल्या तापाच्या साथीत गेली. घरात उरले तिघे, माझे वडील आबा, वहिनी आणि मी. मी महाडच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हापासून आठवडाभर महाडात आणि सुट्टीला वाडीत, असा माझा क्रम होता.

वहिनी लग्न होऊन आली ती वरंधकडून. भाऊ बोटीवर चढण्याआधी त्यांचा संसार जेमतेम दोन पावसाळ्यांचा. ती रोज सकाळी कुंकू लावी. हौसेने नव्हे, आणि जुलमानेही नव्हे. चूल पेटवावी तसे ते एक काम होते. आमच्याकडची रीत अशी की गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा नसेल तर बारा वर्षे वाट पाहायची. मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर तो माणूस जिवंत आणि त्याची बायको सवाशीण. पितृपक्षात आजोबांच्या आणि आईच्या नावाने पान वाढले जाई, भावाचे नाही. एखादा कावळा बाकीच्यांपासून दूर, गोठ्याच्या आढ्यावर एकटा बसलेला दिसला की वहिनी त्याला हाकलायची. "हाड! हितं तुझं कोण नाय," म्हणायची.

आबांविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी. तरुणपणी ते घाटरस्त्याच्या कामावर सुरुंग लावणारे होते. पहारीने खडकात भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवायची आणि ओरडत पळायचे. भाऊ मोठा होत गेला तसा तोही त्यांच्या हाताखाली शिकला. कधी कधी वात जळून जाते आणि सुरुंग उडत नाही. त्याला हे लोक मुका सुरुंग म्हणत. आबांनी भावाला पहिला धडा दिला तो मुक्या सुरुंगाचा. "त्याच्या अंगाला जायाचं नाय. आत वात कुठंतरी जित्ती असती. माणसं उचलायची आणि खडकाच्या पल्याडच्या बाजूला न्यायची. मग तो दिसभर उडो नायतर न उडो." हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले की माझ्या पाढ्यांत ते मिसळून गेले होते.

घाटाचे काम संपल्यावर भाऊ मुंबईला गोदीत गेला आणि गोदीतून बोटीवर. आमच्याकडून गोदीत जाणारे पुष्कळ, बोटीवर जाणारे थोडे.

त्याच बोटीवर महाडचा एक तांडेल होता, म्हणजे खलाशांच्या टोळीचा पुढारी. नदीकाठच्या मोहल्ल्यातला. तो वाचला. युद्धानंतर त्याने समुद्र सोडला आणि महाड ते दासगाव होडी चालवू लागला. परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो डोंगर चढून आमच्याकडे आला. ओटीवर बसून त्याने जी हकीकत सांगितली ती मी नंतर त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की त्याचे श्वास कुठे येतात तेही मला पाठ झाले.

"इमान आलं ना बाबा, ते घारीसारखं नाय आलं. बदकासारखं आलं. पायाखाली दोन होड्या बांधलेल्या. पाण्यावर बसायाचं असलं तर बसावं म्हणून. इतकं खाली उतरलं, इतकं खाली, की आत बसलेल्या गोऱ्याचा चष्मा दिसला. आणि पोटाखालनं एक लांबडं टाकलं पाण्यात. आमचा बबर्ची काय बोलला ठाऊक हाय? बोलला, अरे, ह्यानं तर अंडं घातलं!"

आबा हसले. मी त्यांना आई गेल्यापासून हसताना पाहिले नव्हते.

"मग पाण्यावर पांढरी रेघ. सरळ आमच्या अंगावर. मी कलमा वाचला. आणि ठण्ण! बोटीच्या कुशीला लागलं. लागलं आणि खलास. फुटलंच नाय! असे हसलो आम्ही, असे हसलो, की बबर्ची डेकवर फतकल मारून बसला."

"मग?"

"मग दुसरं इमान आलं, दुसऱ्या अंगानं. त्याचं फुटलं."

दुसऱ्या पाणतीराबद्दल तो एवढेच सांगे. पहिल्याची हकीकत हातवारे करून आणि दुसऱ्याची एका वाक्यात. आबांनी विचारले, "माझा पोरगा कुठं व्हता?" तर तो म्हणाला, "वर होता, डेकवर. पोहणारा माणूस तुमचा." आणि मग जाता जाता हेही म्हणाला की ही विमाने पाण्यावर उतरतात आणि माणसे उचलून कैदी करून नेतात असे बोटीवर बोलत असत.

तेवढे आबांना पुरले. भाऊ सावित्रीच्या डोहात पुराच्या पाण्यातही पोहणारा. पहिला पाणतीर मुका गेला. दुसऱ्याचा नेम चुकला नसला तरी बोट हळू बुडाली. विमान पाण्यावर उतरले. इथपासून जर्मनीतल्या कुठल्याशा तुरुंगापर्यंत आबांनी एक वाट आखली आणि त्या वाटेवर मुलाला चालत ठेवले.

तेव्हापासून आमच्या घरात एक आवाज राहायला आला. हंडा धोंड्यावर आपटला, कोयता पहारीला लागला, गाईच्या गळ्यातली घंटा दावणीच्या खुंट्यावर वाजली की ठण्ण होई, आणि घरातली तिन्ही माणसे हातातले काम धरून थांबत. फुटण्याची वाट पाहत थांबत. मग कुणीतरी आधी हालचाल करी आणि बाकीची दोघे पुन्हा कामाला लागत.

माझ्याकडे वाचण्याचे काम आले. महाडच्या वाचनालयात कुणा निवृत्त अधिकाऱ्याने दिलेले इंग्रजी मासिकांचे गठ्ठे होते. युद्धानंतर त्यांत आरमारी लोक आपापसांत भांडत असत. विमानातून पाणतीर सोडणे हे खरे शस्त्र आहे की पैशाची नासाडी, असा तो वाद. शाळा सुटल्यावर मी शब्दकोश घेऊन बसे आणि सुट्टीला वाडीत गेलो की आबांना मराठीत सांगे.

मी सांगितले ते असे. पाणतीर इतका जड की त्या काळच्या विमानाला तो उचलवत नसे. त्यासाठी दुसरा माणूस खाली ठेवावा लागे, बंदूक खाली ठेवावी लागे. सोडताना विमानाने पाण्याला जवळजवळ टेकून, सरळ आणि सावकाश यायचे, म्हणजे बोटीवरच्या कुणालाही नेम धरायला सोपे. उंचावरून सोडला तर पाणतीर पाण्यावर आपटून मोडतो, नाहीतर नाकावर बुडी मारून गाळात रुततो. फार आडवा पडला तर चपट्या दगडासारखा उडी घेतो. सगळे नीट झाले तर आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर त्याचा पंखा फिरतो, एक भोवरा त्याची दिशा राखतो आणि पाण्याच्या दाबावर हलणारा पडदा त्याची खोली. आणि नाकावर एक लहान पंखा असतो. पाण्यातून काही अंतर गेल्यावर तो पंखा फिरून फिरून सुटतो, तेव्हाच आतला चाप मोकळा होतो. सोडणाऱ्याच्याच जवळ तो फुटू नये म्हणून ही सोय. त्यामुळे फार जवळून सोडलेला पाणतीर बोटीला लागला तरी फुटत नाही.

"म्हंजे त्या गोऱ्यानं घाई केली," आबा म्हणाले.

"हो. फार जवळ आला तो."

"आणि बाकीचे? बाकीचे बी असेच जातात फुकट?"

"युद्धात तरी पुष्कळ फुकट गेले असं लिहितात."

"बघ गो," आबा वहिनीला हाक मारून म्हणाले, "बुकात लिवलंय. पुष्कळ फुकट जातात."

वहिनी नाचणी दळत होती. ती म्हणाली, "एक फुटला तरी बोट बुडाली ना, मामंजी."

आबांनी पुढच्या सुट्टीला पुन्हा विचारले, नवीन काय लिवलंय.

मी हे सगळे कोरडेपणाने वाचत होतो असे नाही. मलाही ती शस्त्रे निकामी हवी होती. पाणतीराची निंदा करणारा एखादा कप्तान सापडला की मी त्याचा लेख दोनदा वाचे. नदीच्या पुलावर उभा राहिलो आणि खालून एखादी काटकी फेसाची रेघ सोडत गेली की मी तिच्याकडे ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही.

बारा वर्षे भरत आली तेव्हा वहिनीचा भाऊ वरंधहून आला. सरळ माणूस. आल्याबरोबर त्याने विषय काढला. नाते गावाच्या बाजूला एक बिजवर होता, शेतकरी, पोरेबाळे नसलेला. आमच्यात विधवेचा पाट लागतो. पण आधी विधी व्हायला हवा, आणि विधीला सासऱ्याने हो म्हणायला हवे.

"तुझ्या बहिणीला हितं काय कमी हाय?" आबा म्हणाले.

"कमी काय नाय. पर तिचं वय चाललंय, बाबा. तुमी काय तिला कुंकवाची राखण बसवलीय?"

"माझा पोरगा जित्ता हाय."

"मग बोलवा त्याला जेवाया! मी बी बसतो पंगतीला!"

आबा उठले आणि काठी घेऊन रानात निघून गेले. वहिनीने भावाला पाणी दिले आणि मला म्हणाली, "भावोजी, मी नात्याला जाईन का हितंच ऱ्हाईन, ते मागनं बघू. पर मी कोण हाय ते तरी कळू दे. सणाला बाया मला वटी भरायला बोलवतात आणि माझ्याकडं बघत नायत."

त्या आठवड्यात महाडला परतल्यावर माझ्या मनात एक प्रश्न आला, आणि तो वाचनातूनच आला. दुसरा पाणतीर फुटला, म्हणजे त्याला पाण्यातून पुरेसे अंतर मिळाले होते. तो दुरून, दुसऱ्या म्हणजे डाव्या बाजूने आला. पहिला, तांडेल हाताने दाखवी तसा, उजव्या कुशीला लागला. मग सगळी माणसे उजव्या कठड्यावरच वाकून हसत उभी असणार. बबर्ची तिथे बसला, तांडेल तिथे होता, तो वाचला. मग डेकवरच असलेला माझा पोहणारा भाऊ कसा वाचला नाही?

तांडेल होडी काठाला लावून तिच्या फटींत काथ्या ठोकत होता. मी विचारले. तो ठोकत राहिला.

"मास्तर, तुम्ही लई वाचता," शेवटी तो म्हणाला.

"तांडेल, घरात एक बाई अडकून पडलीय."

त्याने मोगरी खाली ठेवली. मग त्याने सांगितले. या वेळी हातवारे नव्हते. पहिला पाणतीर लागला आणि फुटला नाही, सगळे हसत होते, तेव्हा एकटा माझा भाऊ हसत नव्हता. तो ओरडत होता. मुका हाय, हटा, मुका हाय! कठड्यावरून वाकलेल्या माणसांना तो गळपटीला धरून मागे ओढत होता. आत वात जित्ती असती, पल्याड चला, सगळे पल्याड चला. त्याचा चेहराच असा झाला होता की माणसांनी ऐकले. त्याने त्यांना डाव्या बाजूला नेले, बबर्चीलाही उठवून नेले, आणि स्वतः सर्वांच्या पुढे बाहेरच्या अंगाला उभा राहिला. दुसरे विमान त्या बाजूने आले.

"मी गेलो नाय," तांडेल म्हणाला. "मी बोललो, तांडेल मी हाय का तू? मी तिथंच वाकून बघत राहिलो. म्हणून हितं बसलोय."

"तो मेलेला पाहिलास?"

"पाहिला. पाण्यात. पाहिला म्हणूनच सांगतो. आता पुढं विचारू नका."

मग तो म्हणाला, "त्याला कोणी शिकवलं ते मला ठाऊक होतं. बोटीवर तुमचा भाऊ बापाच्या सुरुंगाच्या गोष्टी सांगायचा. कोणत्या तोंडानं म्हाताऱ्याला सांगू? म्हणून ते हसण्याचं सांगायचो."

मी घरी जाऊन मासिके पुन्हा काढली. जे शोधत होतो ते एका ओळीत होते. लागून न फुटलेला पाणतीर वाट पाहत बसत नाही. तो बाजूला घसरतो आणि तळाला जातो. खडकातल्या दारूसारखा तो आत जिवंत राहत नाही. उजवी बाजू त्या क्षणापासून साऱ्या समुद्रातली सुरक्षित जागा होती. आणि आरमारी लोकांच्या हिशेबात तो पहिला पाणतीर वाया गेलेल्यांत धरला गेला असेल. मी तो वाया गेला असे पुन्हा कधी म्हणू शकलो नाही.

पुढच्या सुट्टीला तांडेल माझ्याबरोबर वाडीत आला. वाटेत आमचे ठरले होते की तो फक्त मरणाचे सांगेल, कारणाचे नाही. ओटीवर बसून त्याने सांगितले, "बाबा, मी तुमच्या पोराला पाण्यात मेलेला पाहिला. एवढी वर्षं सांगितलं नाय. माझी जीभ रेटली नाय."

आबांनी विचारले, "कुठल्या बाजूला व्हता?"

"बोटीच्या."

"बोटीच्या कुठल्या बाजूला? मुका लागला त्या का पल्याडच्या?"

तांडेलाने माझ्याकडे पाहिले. तेवढे पाहणे आबांना पुरे झाले.

"पल्याड," आबाच म्हणाले. "आणि एकटा नसंल गेला. माणसं घेऊन गेला असंल."

आबांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले, उजव्या अंगठ्याचे दारूने जळलेले काळे नख चोळले. आत वहिनी उभी होती. ती बाहेर आली आणि पुरुषांसमोर कधी बसत नसे ती आबांच्या पायांशी येऊन बसली.

"मामंजी, माणसं वाचवाया नेली त्यांनी."

"मीच शिकवलं त्याला."

"मग काय हसाया शिकवायचं व्हतं?"

तिचा आवाज चढला होता. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "महाडला भटजींना सांग. पळस आपल्याच रानातला आणू."

विधी सावित्रीच्या काठी झाला. भटजींनी दर्भावर पळसाचे देठ मांडून माणूस रचला. डोक्याला नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या, दातांना डाळिंबाचे दाणे. मांडता मांडता त्यांनी विचारले, उंची किती? आबा म्हणाले, माझ्याएवढा. मी म्हणालो, आबांहून उंच. तांडेल लांब, वडाखाली उभा होता, तो म्हणाला, उंच कसला, बुटकाच होता, बोटीवर त्याला ठेंगू म्हणायचे. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तो किती उंच होता ते आम्हांला कुणालाच सांगता येईना. कवड्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले होते आणि पाय कुठे संपवायचे ते ठरत नव्हते.

वहिनी बायकांमधून पुढे आली. पुतळ्याच्या खांद्याशी उभी राहिली, डोळे मिटले आणि आपला हात कपाळाच्या थोडा वर, हवेत, कशाला तरी टेकवावा तसा धरला. मग खाली बसून तिने वाळूत बोटाने रेघ मारली. "हितवर," म्हणाली. भटजींनी तिथपर्यंत देठ मांडले.

आबांनी अग्नी दिला. पळस ओला होता, धूर फार झाला. जळताना नारळ फुटला तेव्हा मोठा आवाज झाला आणि मी पाहिले की आबा दचकले नाहीत. बायका वहिनीच्या बांगड्या फोडायला पुढे सरल्या. आबांनी त्यांना हाताने थांबवले. "राहू दे. तिच्या तिला काढू दे." वहिनीने एकेक बांगडी काढून पाण्यात सोडली, तोंड धुतले आणि ओल्या हाताने कपाळ पुसले.

त्यानंतर आबांनी मला पाणतीराबद्दल कधी विचारले नाही. मी मात्र वाचत राहिलो. नव्या मासिकांत नवी विमाने येऊ लागली होती, एका माणसाऐवजी तीन बसवणारी, आणि पाणतीर आता उंचावरून सोडता येतो, मोडत नाही, असे लेख होते. मी ते मिटून ठेवी आणि पुन्हा उघडी.

वर्ष उलटल्यावर वहिनीचा पाट नात्याला ठरला. तिचा भाऊ न्यायला आला. निघताना आबांनी तिचे गाठोडे उचलून खांद्यावर घेतले. सासऱ्याने सुनेचे ओझे वाहायचे हे वाडीत कुणी पाहिले नव्हते. दारादारांतून माणसे बघत होती. एक म्हातारी मोठ्याने म्हणालीही, "काय रे, सून घालवतोस का पोरगी पाठवतोस?"

"पोरगी," आबा म्हणाले आणि चालत राहिले.

पोलादपूरच्या खाली, मोठा रस्ता लागतो तिथे त्यांनी गाठोडे तिच्या भावाच्या हाती दिले. वहिनी पाया पडली. मला म्हणाली, "भावोजी, मामंजींना दुपारचं गरम घाला. शिळं खाऊन झोपतात."

"जा गो बाय," आबा म्हणाले. "मागं बघू नको."

"बघीन की. माझं घर हाय ते."

ती निघाली आणि खरोखरच मागे वळून पाहत गेली, वळणापर्यंत दोनदा. आबांनी दोन्ही वेळा हात वर केला. ती दिसेनाशी झाल्यावरही ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुझी शाळा कधी हाय?"

"सोमवारी."

"मग आज घरी चल. चूल मला पेटवता येत नाय."